बांधीतला तिबेट

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियात गेला. सरकारी शिक्के बदलले. तिबेटी माणसांनी मात्र हे फारसे मनावर घेतले नाही. गोठणगाव-प्रतापगडजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीला धरमशालेपासून बैलकुप्पेपर्यंत आजही ‘भंडारा’च म्हणतात. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. नागपूरहून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येते, तरी नागपूरकरांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, महिनाअखेर दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालय उतरली. पुनर्वसन होईपर्यंत कित्येकांची वर्षे डोंगरातले रस्ते फोडण्यात गेली. कर्नाटकात बैलकुप्पे, आजच्या छत्तीसगडात मैनपाट अशा वसाहती साठच्या दशकात उभ्या राहिल्या; भंडाऱ्याची पाळी आली १९७२ मध्ये. मैनपाटला निदान पठाराची उंची होती. इथे इटियाडोहचे नवे धरण, भोवती सागा-मोहाचे रान आणि मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणारा पारा. भाजलेल्या जवाचे पीठ खाऊन, याक पाळून जगलेली माणसे गुडघाभर चिखलात उतरली आणि धानाची रोवणी शिकली. त्या पिढीने विदर्भाचा उन्हाळा कसा काढला असेल, हे नवतपात कूलरसमोर बसून कळणे अवघड आहे.

धानावर पोट भरते, वर्ष निघत नाही. हे झाडीपट्टीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. तिबेट्यांनी देशभर त्यावर जो उपाय शोधला, त्यातून नागपूरकरांची त्यांच्याशी ओळख झाली. दिवाळीच्या सुमारास लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर स्वेटरचा माल उचलायचा, ठरलेल्या शहरात दुकान मांडायचे, संक्रांत उलटली की हिशेब चुकता करून घरी परतायचे. थंडी उशिरा आली की घास अडतो. २०२० च्या हिवाळ्यात तर करोनाने बाजारच बुडवला. नागपुरात दरवर्षी येणारे विक्रेते सगळे नोर्ग्येलिंगचेच असतात असे नाही. वेगवेगळ्या वसाहतींतली माणसे वेगवेगळी शहरे धरून असतात. झाडीपट्टीत याच महिन्यांत रात्र-रात्र नाटके रंगतात, आणि याच महिन्यांत तिबेटी घरांत बऱ्याचदा म्हातारी माणसे आणि नातवंडेच उरतात.

हा धंदा संस्कृतीच्या मुळावर येईल असे कुणालाही वाटले असते. माझ्या मते झाले उलटे. घरातली कर्ती माणसे हिवाळाभर परगावी गेल्यामुळे लहान मुले आजी-आजोबांच्या हाती राहिली, आणि भाषा, प्रार्थना, गोष्टी त्यांच्याकडूनच उतरल्या. शिवाय स्वेटरचा हंगाम संपतो तेव्हा लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, तोंडावर आलेले असते. घर भरलेले, हाती थोडा पैसा. मठ आणि शाळा यांनी संस्कृती टिकवली हे खरेच, पण त्या टिकण्यामागे लुधियानाच्या उधारीचाही वाटा आहे. तिबेटवरच्या पुस्तकांत तो सहसा सापडत नाही.

नागपूरशी या लोकांचे नाते लोकरीपेक्षा जुने निघते. शून्यवादाचा आचार्य नागार्जुन विदर्भात जन्मला, असे तिबेटी परंपरा सांगते. रामटेकजवळच्या मनसर परिसरातही त्याचे नाव घेतले जाते. त्याची मध्यमककारिका तिबेटी मठांतले भिक्षू शतकानुशतके अभ्यासत आले आहेत. इथल्या मातीतले जे संस्कृत ग्रंथ इथून नाहीसे झाले, त्यांतले कितीतरी तिबेटी भाषांतरातच वाचले. दुसरा धागा बाबासाहेबांचा. दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट १९५४ मध्ये, त्यांनी राज्यसभेत नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर कडक टीका केली होती. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, हा त्यांचा मुद्दा. पंचशीलाचा गाजावाजा चालू असताना हे बोलायला धाडस लागत होते. आठ वर्षांनी युद्ध झाले.

कागदांची गोष्ट मात्र आजही सरळ नाही. तिबेटी माणूस भारतात नोंदणी प्रमाणपत्रावर राहतो आणि ते ठरावीक मुदतीने नवे करून घेतो. कायद्याने २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला प्रत्येक जण जन्मानेच भारतीय. नोर्ग्येलिंगच्या पहिल्या पंधरा वर्षांतली बाळे त्यात बसतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि पुन्हा २०१६ मध्ये हा हक्क मान्य केला. पण २०१७ मध्ये पारपत्रासाठी अटी आल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीतून बाहेर पडा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. म्हणजे ज्या गावात जन्मलो म्हणून नागरिक ठरलो, तेच गाव सोडायचे! पुढच्या वर्षी निर्वासनाच्या साठाव्या वर्षानिमित्त तिबेट्यांनी ‘थँक यू इंडिया’ कार्यक्रम ठरवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे असे दिल्लीतून कळवले गेले आणि कार्यक्रम राजधानीतून धरमशालेला हलला. आभार मानायलाही बीजिंगचा मूड पाहावा लागला.

तिकडे तिबेटमध्ये दाब वेगळ्या जातीचा आहे. सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत घरापासून आणि भाषेपासून तोडली जात असल्याची चिंता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये व्यक्त केली. इथे आजीने सांभाळलेली मुले आणि तिथे आजीपासून काढलेली, हा फरक फार मोठा आहे.

इथली मुले मोठी झाली की आपण होऊन निघतात, हा दुसरा पेच. परिचारिका म्हणून बंगळुरूला, कॉल सेंटरला दिल्लीला, जमले तर टोरंटो किंवा न्यूयॉर्क. २००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतातला आकडा ९४ हजारांवर होता. तेव्हापासून ओघ बाहेरच आहे. रोवणीला माणूस मिळत नाही म्हणून शेजारच्या गावांतले मजूर लावणे, शेत बटईने देणे हे बऱ्याच तिबेटी वसाहतींत नित्याचे झाले. याला ऱ्हास म्हणायला मी तयार नाही. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याची पोरे पुण्याला गेली की आपण त्याला प्रगती म्हणतो.

जुलै २०२५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, दलाई लामांनी आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढच्या अवताराचा शोध त्यांची गादेन फोद्रांग संस्थाच घेईल, असे जाहीर केले. चीनने तर अवताराला सरकारी मंजुरी हवी, असा नियम २००७ मध्येच करून ठेवला आहे. उद्या दोन दलाई लामा उभे राहिले, तर नवी दिल्ली कोणाला मानते यावर नोर्ग्येलिंगचेही बरेच काही अवलंबून राहील. वसाहतीची जमीन आजही सरकारची आहे.