खोपोलीचं 'खपल' कुणी केलं?

कर्जतहून खोपोली लोकल पकडा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. आता हीच नावं पायथॉनमध्ये टाकून रेग्युलर एक्स्प्रेशनने 'साफ' करा. हातात काय येतं? पळसदर, कळवल, डलवल, लज, खपल! खालापूरचं होतं 'खलपर' आणि कर्जतचं 'करजत'.

चूक तुमच्या टायपिंगची नाही. डेटातले स्वल्पविराम, कंस काढायला आपण सगळेच एक ठरलेली ओळ वापरतो. सब फंक्शनला सांगायचं, की अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि मोकळ्या जागा सोडून बाकी सगळं पूस. यातलं पहिलं तिन्ही ओळखायची खूण म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू. मेख इथेच आहे. युनिकोडमध्ये 'खो' एकसंध नसतो. 'ख' वेगळा, त्याचा काना-मात्रा वेगळा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांची नोंद 'अक्षर' म्हणून नाही, तर 'चिन्ह' म्हणून आहे. जोडाक्षरातला हलन्तही त्यातलाच. पायथॉनचं री मॉड्यूल या चिन्हांना शब्दाचा भाग मानत नाही, म्हणून ती कचऱ्यात जातात. खरं तर ती शब्दातच धरावीत, अशी युनिकोडची शिफारस आहे. टॉम क्रिश्चनसन यांनी हा बग २०११ मध्येच पायथॉनकडे नोंदवला होता. जावास्क्रिप्टची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे ही खूण फक्त इंग्रजी अक्षरं ओळखते, म्हणजे अख्खं कर्जतच गायब!

हसून सोडून देऊ नका. समजा, तुमच्या फेस्टच्या यादीत एकाच आडनावाच्या कोमल आणि कमल आहेत. साफसफाईनंतर दोघीही 'कमल'. पुढची ओळ डुप्लिकेट काढणारी असेल तर एकीचा पत्ता कट! अनिल म्हणजे वारा. त्याचा होतो अनल, म्हणजे आग. आणि एरर? एकही नाही. प्रोग्रॅम बिनबोभाट पूर्ण होतो, धोका तोच आहे.

उपाय सोपा आहे. री ऐवजी रेजेक्स हे मॉड्यूल पिपने इन्स्टॉल करा. ते चिन्हांनाही शब्दात धरतं. नाहीतर युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा 'पुसू नको' म्हणून सांगा.

आणि इंग्रजी नावावर टेस्ट करून 'चालतंय की' म्हणू नका. पहिली टेस्ट स्वतःच्या नावावर करा, मराठीत. आज रात्रीच करून बघा, तुमचं काय उरतं ते!