वाळवंटातली ही झाडं दिसायला छान, पण जरा जपून!

थंडीच्या सुट्टीत जैसलमेरला जायचा बेत आहे? उंटावरची सफर आणि फोटो तर होणारच. पण वाळूतून काहीतरी उचलून मुलं विचारतील, "आई, हे खाऊ का?" तेव्हा उत्तर माहीत असलेलं बरं. वाळवंटात हिरवळ कमी आणि चरणारी जनावरं फार. म्हणून अनेक झाडं कडूपणा किंवा विष साठवून स्वतःला वाचवतात. ओसाड जागी एखादं झाड टवटवीत दिसलं, तर आधी शंका घ्या.

इंद्रावण

वाळूवर पसरलेला वेल आणि त्याला चेंडूएवढी, पट्टेदार फळं. अगदी छोटं कलिंगडच! राजस्थानात याला तुंबा म्हणतात. गर जहाल कडू असतो. तो पोटात गेला तर पोटात मुरडा येऊन जोराचे जुलाब होतात.

रुई

जांभळट-पांढरी फुलं येणारी ही रुई आपण शनिवारी मारुतीला वाहतो. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. माळ करून झाल्यावर हात साबणाने धुवा.

कण्हेर

उन्हातही फुलते, म्हणून महामार्गाच्या दुभाजकांवर लावतात. हिच्या पानाफुलांतलं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. याच भीतीने केरळमधल्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०२४ मध्ये नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं.

अडेनियम

हे वाळवंट तर आपल्या बाल्कनीतच आहे! जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं हे झाड मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातलं. आफ्रिकेत याचा चीक बाणांना लावून शिकार करत. कुंडी मुलांच्या आणि मांजर-कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. छाटणी करताना हातमोजे घाला.

चुकून खाल्लं तर?

* तोंडातलं थुंकायला लावा आणि चूळ भरायला सांगा.
* मीठपाणी पाजून उलटी करवू नका.
* चीक डोळ्यात गेला तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा.
* त्रास दिसण्याची वाट न बघता दवाखाना गाठा. झाडाचा फोटो सोबत न्या, डॉक्टरांना ओळखायला सोपं जातं.

झाडं उपटून टाकायची गरज नाही. मुलांना फक्त एक सवय लावा: फूल डोळ्यांनी बघायचं, ओळख पटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.