ज्वारीच्या दाण्याएवढा जीव आणि त्याचे नाव

औंढा नागनाथ परिसरातील मुरमाड टेकड्या उन्हाळ्यात वरवर उजाड दिसतात. वाळलेले गवत, दगडगोटे आणि पालापाचोळा यांपलीकडे तेथे काही असेल असे वाटत नाही. अशा जमिनीला आपण सहज 'पडीक' म्हणतो. परंतु हातभर जागेकडे थोडा वेळ स्थिर बसून पाहिले, तर मातीच्याच रंगाचा एखादा चिमुकला जीव थबकतो, वळून आपल्याकडे पाहतो आणि टुणकन उडी घेतो. हा उड्या मारणारा कोळी. जमिनीवर वावरणाऱ्या अशाच चिमुकल्या कोळ्यांच्या शोधाची हकिकत आम्ही स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. नवी प्रजाती सापडली अशी बातमी आपण वाचतो, पण त्यामागे कोणते काम असते, हे त्यातून उमगते.

प्रथम कोळ्याविषयी थोडे. कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. उड्या मारणारे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. ते नजरेच्या बळावर शिकार करतात. त्यांच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे व अतिशय तीक्ष्ण असतात. पाय ताठ करण्यासाठी कोळी शरीरातील द्रवाचा दाब वापरतो. हा दाब एकाएकी वाढला की तो स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट दूर झेपावतो. झेपेपूर्वी तो रेशमी धाग्याचे टोक मागे चिकटवून ठेवतो. झेप चुकलीच, तर हा धागा त्याला सावरतो.

२०१७ साली जॉन कालेब, राजेश सानप, अनुराधा जोगळेकर आणि ध्रुव प्रजापती या अभ्यासकांनी 'लँगेलुरिलस' या घराण्यातील तीन नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. हे घराणे १९९४ साली आफ्रिकेतील कोळ्यांवरून स्थापन झाले होते. भारतातून त्याची नोंद प्रथमच होत होती. नव्या प्रजातींना 'ओनिक्स', 'लॅक्टियस' आणि 'टर्शियस' अशी नावे मिळाली. ओनिक्स हे एका रत्नाचे नाव, लॅक्टियस म्हणजे दुधाळ आणि टर्शियस म्हणजे तिसरा.

येथे वाचकांच्या मनात प्रश्न येईल, की हे कोळी त्यापूर्वी कोणी पाहिलेच नव्हते काय? गुराख्यांनी, गवत कापणाऱ्या बायाबापड्यांनी असे जीव पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असतील. शास्त्राचे काम पाहिल्यानंतर सुरू होते. कोळी पूर्ण वाढलेला असावा लागतो, कारण पिल्लांवरून प्रजाती ठरविणे कठीण असते. नराच्या तोंडाजवळील पायांसारखे दोन लहान अवयव आणि मादीची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जातात. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन प्रजातींत खरा फरक बहुधा तेथेच आढळतो. मग मोजमापे घ्यावयाची, आकृत्या काढावयाच्या आणि पूर्वी प्रसिद्ध झालेल्या वर्णनांशी ताडून पाहावयाचे. कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची परंपरा स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून मोजली जाते. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांचे दप्तर चाळावे लागते. शेवटी मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवला जातो, जेणेकरून पुढे कोणालाही शंका आल्यास तो पुन्हा तपासता यावा.

शास्त्रीय नावाचा पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्या प्रजातीचा असतो. या दुसऱ्या शब्दात कधी कधी माणसांची आठवणही जपली जाते. २०२१ साली ठाणे परिसरातून वर्णन झालेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच कुळातील एका प्रजातीचे नाव 'इसियस तुकारामी' असे आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ निःशस्त्र असताना दहशतवाद्याची बंदूक घट्ट धरून ठेवणारे आणि प्राण देणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण आहे. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या वीराला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आता जगभरातील कोळ्यांचे अभ्यासक त्याचे नाव लिहितात.

नावाने काय साधते? वसतिगृहात शिकलेल्यांना याचे उत्तर वेगळे सांगावयास नको. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलासाठी ताट मांडले जात नाही, पुस्तक येत नाही, आणि तो निघून गेला तरी कोणी चौकशी करीत नाही. बिननावाच्या जीवाचेही तसेच आहे. माळ खोदला, सपाट केला, पेटवून दिला, तरी काय गेले याचा हिशेब मागता येत नाही. नाव मिळाले की तो जीव कोठे राहतो, केव्हा दिसतो, किती उरला, हे विचारता येते.

यात आपल्या शेतीचाही संबंध आहे. कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतातील कोळी लहान किडी खातात. त्यांना काही बक्षीस द्यावयाचे नाही. बांधावरचे थोडे गवत आणि पाचोळा न जाळता राहू दिला, तरी त्यांना निवारा मिळतो. सरसकट फवारणीत किडींबरोबर हे राखणदारही मरतात, याचीही जाणीव ठेवावयास हवी.

२०२२ साली जगातील कोळ्यांच्या अधिकृत सूचीत ५०,००० वी प्रजाती नोंदली गेली. ती दक्षिण अमेरिकेतील असून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच कुळातली आहे. यादी अजून पूर्ण झालेली नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शेती करतात, शिकवितात. पालकांच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. एखादा अनोळखी जीव दिसला, तर त्याला न मारता त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तारीख, गाव व जागा वहीत लिहून ठेवावी. दगडाखाली, गवतात की पिकावर, एवढा तपशीलही मोलाचा असतो. मुलांना ही सवय लागली, तर ती आपल्या माळाला पडीक म्हणण्यापूर्वी एकदा वाकून पाहतील.