मेघनाथाचा खांब

मेळघाटात होळी एका दिवसात आटोपत नाही. ती पाच दिवस चालते. अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू आदिवासींची दाट वस्ती आहे. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीपेक्षा दूर पूर्वेकडच्या संथाली-मुंडारीला जवळची. 2011च्या जनगणनेत देशभर सव्वासात लाखांवर माणसांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. कामासाठी बाहेरगावी पांगलेली कुटुंबं या पाच दिवसांसाठी परततात. रोजगार हमीची मजुरी होळीआधी हातात पडावी, ही मागणी म्हणूनच दरवर्षी उठते. ती रास्तच आहे.

होळी पेटली की फगवा सुरू होतो. रस्त्यावर वाट अडवायची, गाणी म्हणायची आणि पैसे मागायचे. एसटीही यातून सुटत नाही. नाचाला गादली सुसून म्हणतात. ढोलकी आणि बासरीवर पुरुष ताल धरतात, बाया एकमेकींना धरून रांगेनं पावलं टाकतात.

सगळ्यांत मोठी गर्दी मात्र मेघनाथाच्या यात्रेला होते. काटकुंभची यात्रा त्यांत नावाजलेली. रावणाचा मुलगा मेघनाथ हा इथे देव आहे. मैदानात उंच खांब उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर फिरणारी आडवी बल्ली. भूमका, म्हणजे कोरकूंचा पुजारी, पूजा करतो. मग नवस फेडणाऱ्याला वर चढवून बल्लीला कापडानं आणि दोरानं आवळून बांधतात आणि खालची माणसं दोर धरून ती गोल फिरवतात. खरं कसब त्या बांधण्यात आहे. गाठ सैल राहिली तर माणूस खाली येईल, फार आवळली तर श्वास कोंडेल. शिवाय खालच्यांनी ओढ एकसारखी ठेवली नाही, तर बल्लीला हिसके बसतात. याला कोणी खेळ म्हणत नाही, पण अंगातली ताकद, तोल आणि सोबत्यांवरचा भरवसा हे सगळं इथे पणाला लागतं.

याच जिल्ह्यात दुसऱ्या एका खांबाचा मोठा लौकिक आहे. 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तेल चोळलेल्या मल्लखांबावर पिढ्या घडल्या आणि 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबाला नियम, गुण आणि स्पर्धा मिळाल्या. मेघनाथाच्या खांबाला यांतलं काहीच नाही आणि त्याला त्याची गरजही दिसत नाही: इथे कोणी जिंकत नाही, नवस तेवढा फिटतो. पाच दिवस सरले की माणसं पुन्हा कामाच्या गावांना निघतात.