माहितीचे कोठार आणि त्याचे द्वार

डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीवर अपाची हा वेब सर्व्हर आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसविण्यास परवाना शुल्क पडत नाही, वेळही फारसा लागत नाही. खरी दक्षता पुढेच घ्यावयाची असते. अपाचीची ८० व ४४३ क्रमांकांची द्वारे, म्हणजे पोर्ट, नागरिकांसाठी खुली असावीत; नागरिकांचे अर्ज, नावे व पत्ते सांभाळणाऱ्या मारियाडीबीचे ३३०६ क्रमांकाचे द्वार मात्र बाहेरून दिसता कामा नये. दोन्ही एकाच यंत्रावर असल्यास डेटाबेस १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यापुरताच मर्यादित ठेवावा. डेबियनमध्ये ही व्यवस्था मुळातच केलेली असते. घरबसल्या काम करण्याच्या सोयीसाठी ती मोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. संकेतस्थळास सर्वाधिकारी ‘रूट’ खाते न देता मोजक्या अधिकारांचे वेगळे खाते द्यावे. माहितीची प्रत दररोज दुसऱ्या यंत्रावर घ्यावी व तीवरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो की नाही, हे अधूनमधून प्रत्यक्ष पाहावे.