ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक: तेलाची ताकद ओळखा, पेरणीची खोली सांभाळा

मृग बरसला, वापसा आला की निलंगा तालुक्यात प्रत्येकाला ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो. या घाईत बियाणे, खत, बीजप्रक्रिया यांची चौकशी होते. पण चालकाच्या उजव्या हाताजवळच्या दोन लिव्हरकडे कुणी पाहत नाही. पुष्कळदा सोयाबीनची उगवण बिघडते ती बियाण्यामुळे नव्हे, तर या लिव्हरमुळे. म्हणून हायड्रॉलिक म्हणजे काय, हे शेतकऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

हायड्रॉलिक शक्ती म्हणजे काय?

कोयनेला वीज तयार होते ती उंचावरून वेगाने येणाऱ्या पाण्यावर. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक वेगळे. इथे बंदिस्त जागेतल्या तेलावर दाब दिला जातो. तेल दाबून जवळजवळ लहान होत नाही, त्यामुळे एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात हा नियम मांडला.

साधा हिशोब पाहा. २ चौ.सें.मी.च्या लहान दट्ट्यावर २० किलो जोर दिला, तर दाब झाला प्रति चौ.सें.मी. १० किलो. हाच दाब १०० चौ.सें.मी.च्या मोठ्या दट्ट्याखाली गेला की तो १,००० किलो वजन उचलतो. मात्र काहीच फुकट मिळत नाही: मोठा दट्ट्या १ सें.मी. वर जाण्यासाठी लहान दट्ट्या ५० सें.मी. खाली जावा लागतो. गाडीच्या जॅकचा दांडा वीस वेळा हलवावा लागतो, तो यामुळेच.

ट्रॅक्टरमध्ये लहान दट्ट्याचे काम इंजिनवर चालणारा पंप करतो. डंपिंग ट्रॉली, पलटी नांगराचा सिलिंडर, जेसीबीचा हात, हार्वेस्टरचे कटर वर-खाली होणे, पॉवर स्टिअरिंग, जीपचे ब्रेक, जिनिंगमध्ये रुईची गाठ बांधणारा प्रेस, या सगळ्यांमागे हाच नियम आहे.

कृषी सहायकांसाठी सूचना: २ मि.लि. आणि २० मि.लि.च्या दोन नव्या सिरिंज पाणी भरून, हवा काढून, सलाइनच्या नळीने जोडा. लहान सिरिंज एकाने बोटाने दाबावी आणि मोठी दुसऱ्याने अंगठ्याने अडवून पाहावी. शेतीशाळेत पाच मिनिटांत मुद्दा कळतो.

दोन लिव्हर, दोन कामे

• पोझिशन कंट्रोल: अवजार ट्रॅक्टरच्या तुलनेत ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवते. जमीन कडक लागो की मऊ, उंची तीच राहते.
• ड्राफ्ट कंट्रोल: अवजारावर येणारा ओढ ओळखते. ओढ वाढला की अवजार थोडे वर घेते, कमी झाला की खाली सोडते. नांगरटीत इंजिनवर ताण येत नाही, चाक घसरत नाही आणि डिझेल वाचते.

म्हणजे नांगर आणि खोल मशागतीसाठी ड्राफ्ट. पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, फवारणी यंत्र यांसाठी पोझिशन. नांगरट संपवून तोच ट्रॅक्टर पेरणीला येतो आणि लिव्हर ड्राफ्टवरच राहते, तेव्हा घोळ होतो. आपल्याकडे एकाच गटात खाली भारी काळी जमीन आणि वर माळाची मुरमाड पट्टी असते. कडक पट्टीत यंत्र आपोआप वर येते आणि बी उघडे पडते; मऊ काळ्या रानात फण खाली जातो आणि बी खोल गाडले जाते. सोयाबीन ३ ते ५ सें.मी.पेक्षा खोल पडले, वर पाऊस होऊन पपडी धरली, की कोंब वर येत नाही. मी अशी ठिगळासारखी उगवलेली शेते पाहिली आहेत. तिथे दोष बियाण्याला दिला जातो आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्यावर पडतो.

पेरणीआधी एवढे करा

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून यंत्र पुढे-मागे व आडवे समपातळीत घ्या. पुढे-मागे जमवण्यासाठी टॉप लिंक वापरा.
२. यंत्राला खोलीची चाके असतील तर खोली त्यांवर ठरवा आणि ती जमिनीवर टेकून फिरतात ना, ते पाहा.
३. दहा मीटर पेरून थांबा. प्रत्येक फणामागे माती उकरून बी किती खोल आहे ते पट्टीने मोजा. जमीन बदलली की पुन्हा मोजा.
४. लिव्हरची रचना कंपनीनुसार बदलते. चालकाकडून पुस्तिकेप्रमाणे खात्री करून घ्या.

बिघाडाची लक्षणे

लिफ्ट झटके देत उचलत असेल तर तेलाची पातळी आणि हवा शिरते का ते तपासा. उचलायला वेळ लागत असेल तर फिल्टर तुंबला किंवा पंप झिजला असेल. इंजिन बंद केल्यावर अवजार लगेच खाली येत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले आहे, ते बदला.

जिवाशी खेळ नको

मोटारसायकलच्या मागच्या टायरमध्ये दाब प्रति चौ.सें.मी. साधारण २ किलो असतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तो १५० किलो किंवा त्याहूनही जास्त असतो.

• उचललेली ट्रॉली फक्त तेलावर उभी असते. होज फुटला की ती क्षणात खाली येते. भक्कम टेकू लावल्याशिवाय खाली वाकू नका.
• ट्रॉली उचलण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का ते पाहा.
• होजची गळती बोटाने चाचपू नका. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही. तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘दाबाचे तेल आत गेले’ असे स्पष्ट सांगा. उशीर झाल्यास बोट गमावण्याची वेळ येते.
• फसलेले वाहन किंवा ओंडका टॉप लिंकला बांधून ओढू नका. ट्रॅक्टर मागे उलटतो.
• काम संपले की अवजार जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करा.

पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करत असाल, तरी बी तुमचे आहे आणि रानही तुमचेच. पहिल्या तासाला चालकाला थांबवून दहा मिनिटे माती उकरून पाहायला संकोच करू नका.