फ्यूजबोर्ड बदलायचा? आधी अर्थिंग दाखवा

आमच्या तळेगाव ढमढेरे गावात मी वायरिंगची कामं करतो. जुन्या घरात पाऊल टाकलं की एक प्रश्न ठरलेला असतो : "हा फ्यूजबोर्ड काढून एमसीबी बसवायचे का?" विचारणाऱ्याला हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, "अर्थिंग कुठंय?" मग घरातले एकमेकांकडे बघतात.

जुना बोर्ड म्हणजे काय, ते आधी सांगतो. भिंतीवर लाकडी फळी, लोखंडी मेन स्विच, शेजारी चिनीमातीचे पांढरे किटकॅट, म्हणजे तारेचे फ्यूज, आणि तिथून लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली वायर. हे बसवलं तेव्हा घरात चार बल्ब, एखादा पंखा आणि रेडिओ. १०० वॉटचा बल्ब अर्धा अँपियरही घेत नाही, त्यामुळे सगळं निवांत चालायचं. पुढे भारनियमन आलं, त्याच्याबरोबर इन्व्हर्टर आले. मग गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे झाले आणि वीज टिकायला लागली. पोरं रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागली, तसे गिझर, वॉशिंग मशीन, एसी घरात आले. एकटा २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपियर ओढतो. बोर्ड आणि वायर मात्र बल्बच्या काळातलीच.

तरीही किटकॅटला मी नावं ठेवत नाही. त्याचं तत्त्व साधं आहे : जास्त करंट गेला की तार तापते, वितळते, पुरवठा तुटतो. तो थोडा ढिला आहे, एवढं खरं. ५ अँपियरची तार वितळायला साधारण दुप्पट करंट लागतो. एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा स्विच; तो त्याच्यावरच्या आकड्याच्या दीडपटीच्या आतच, तासाभरात पडतो, आणि शॉर्टसर्किट झालं तर क्षणात. पण किटकॅटची खरी खोड माणसाच्या हातात आहे. रात्री फ्यूज गेला, तार सापडली नाही, की कुणीतरी केबलमधले चार पदर पिळून बसवतो. त्या क्षणापासून फ्यूज नुसता नावाला उरतो. आता जास्त करंट गेला तर फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर जळणार. एमसीबीत अशी तार भरायची सोय नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता अर्थिंगचा मुद्दा. आपल्याकडे गावात खांबावरून बहुतेक घरात दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग ज्याचं त्यानं अंगणात खड्डा घेऊन करायचं असतं. समजा, वॉशिंग मशीनच्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली. करंट अर्थिंगमधून जमिनीत जाणार. खड्ड्याचा रोध २० ओहम असेल तर २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपियर. १५ चा फ्यूज यानं जाणार नाही आणि १६ चा नवा कोरा एमसीबीही पडणार नाही. मशीन चालू राहील, तिचा पत्रा जिवंत राहील आणि ओल्या हातानं कुणीतरी झाकण उघडेल. म्हणून नुसते किटकॅट काढून एमसीबी लावले, तर वायर वाचते. माणूस वाचेलच असं नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला का, एवढंच तो बघतो. सकाळी चरायला सोडलेल्या मेंढ्या धनगर संध्याकाळी मोजून घेतो, तसं. एक कमी भरली की ती कुठेतरी भलतीकडे गेली आहे. घरासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी घ्यायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनीही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा ठेवली आहे. वरच्या उदाहरणातले साडेअकरा अँपियर म्हणजे ११,५०० मिलिअँपियर. आरसीसीबी पापणी लवायच्या आत पडेल. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले तर मात्र त्याला काही कळत नाही. जादा लोडही त्याला कळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला फ्यूज किंवा एमसीबी लागतोच.

यातून निघणारी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : जुना बोर्ड तसाच ठेवून त्याच्या आधी, मेन स्विचनंतर, आरसीसीबी बसवता येतो.

एका वाड्यात आम्ही असंच केलं. काकू म्हणाल्या, "अरे, हा बोर्ड मामंजींच्या वेळचा आहे. कधी दगा दिला नाही त्यानं." मुलाला मात्र सगळंच नवं हवं होतं. मी बोर्ड उघडला तर किटकॅट फेजलाही आणि न्यूट्रललाही. न्यूट्रलचा काढून दाखवला. पंखा थांबला, पण टेस्टर पंख्याच्या फेजवर पेटलेलाच. "म्हणजे बंद पडला तरी करंट आहेच की रे!" काकूंनीच निष्कर्ष काढला. न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज ठेवायला १९५६ च्या वीज नियमांनीच मनाई केली होती, पण जुन्या घरांत तो अजून सापडतो.

मग इन्सुलेशन मोजायला ५०० व्होल्टचा मेगर लावला. दिव्यांच्या वायरिंगचं इन्सुलेशन १ मेगओहमच्या बरंच वर भरलं. स्वयंपाकघरातलं, ओल आलेल्या भिंतीतलं, खाली. त्यावरून ठरलं : नवं अर्थिंग, न्यूट्रलला फ्यूजऐवजी सलग जोड, आरसीसीबी, आणि स्वयंपाकघर व गिझरला एमसीबीच्या छोट्या डब्यातून नवी वायर; गिझरला ४ चौरस मिलिमीटरची. दिव्यांचा जुना बोर्ड राहिला. काकू खूश, मुलगाही.

काही घरांत मात्र मी थांबू देत नाही. किटकॅट काळा पडलाय, तडकलाय, फळीला जळका वास येतोय, वायर ॲल्युमिनियमची आहे आणि जोड तापतायत, रबराचं आवरण बोट लावताच गळतंय. यातलं काहीही दिसलं तर बोर्ड आणि वायरिंग दोन्ही बदला. नुसता बोर्ड चकचकीत करून मागे तीच वायर ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडायला लागला, तर "खराब निघाला" म्हणून त्याला बगल देऊ नका. बहुतेक वेळा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला चुकीच्या जागी जोडलेला असतो, किंवा भिंतीत खरंच गळती असते. तो दोष आधीपासून होताच, आता दिसला.

मीटर आणि त्याच्या आधीची बाजू महावितरणची. तिथलं सील तोडायचं नाही. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. एसी आणि गिझर लावून तो अपुरा पडत असेल, तर वाढवून घ्या. काम परवानाधारकाकडून करवा आणि अर्थिंगचा व मेगरचा आकडा कागदावर लिहून मागा. आकडा द्यायला जो कुरकुर करतो, त्याला काम देऊ नका.

पैसे थोडेच असतील तर क्रम असा : अर्थिंग, मग आरसीसीबी, मग जड उपकरणांची वेगळी वायर, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, तेव्हा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.